१:१६ मॅसी ट्रॅक्टरच्या मॉडेलला चिखल लावला तर चॉकलेट झालं, आता काय करू?

संकेश्वर_मळा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या धाकट्या काकांची मॅसी १०३५ हाय, जुनी गाडी, सीझनला उसाची ट्रॉली ओढते आणि बाकी वर्षभर मळ्यात. तिचं हुबेहूब मॉडेल करायचं डोक्यात बसलंय. आतेभाऊ बाहेरदेशी असतोय, त्यानं येताना युनिव्हर्सल हॉबीज कंपनीची १:१६ मधली, म्हणजे खऱ्या गाडीच्या सोळाव्या हिश्श्याची, मॅसी ३५एक्स आणली. डायकास्ट, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेली हाय, हातात घेतली की वजन लागतं, स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात, आणि रंग असा की शोरूममधनं आत्ताच हार घालून बाहेर काढलीय. तेच खटकतंय बघा. काकांची गाडी अशी कुठं दिसते?

म्हणून पोस्टर कलरमधला चॉकलेटी घेतला, त्यात फेविकॉल घातला आणि टूथब्रशनं उडवला सगळीकडं, टायर बोनेट सीट काय सोडलं न्हाई. वाळल्यावर बघतोय तर चॉकलेटात बुडवून काढल्यासारखी गाडी. बायको म्हणाली केक चांगला झालाय, मेणबत्ती कुठं लावूया. पोस्टर कलरच होता म्हणून पाण्यानं निघाला, वाचलो.

तर खरी वापरातली गाडी दिसायला काय काय करावं लागतं? मागं उसाच्या दोन ट्रॉल्या पण जोडायच्या हाईत. हवेनं रंग फवारायचा एअरब्रश न्हाई माझ्याकडं, हातानं जमेल असं सांगा.

डबाबंद

एकच सांगतो, हात लावू नका. युनिव्हर्सल हॉबीजचं १:१६ चांगल्या अवस्थेत, डबा आणि आतल्या थर्माकोलसकट असेल तर त्याची किंमत राहते. एकदा रंग खरवडला की ते मॉडेल फक्त तुमच्यापुरतं. माझ्याकडं ब्रिटन्स आणि सिकू ह्या कंपन्यांचे १:३२ वाले २३ ट्रॅक्टर हाईत, एकाचाही डबा फाटलेला न्हाई. प्रयोगच करायचे असतील तर चाक तुटलेलं, डबा हरवलेलं जुनं मॉडेल स्वस्तात बघा आणि त्याच्यावर करा.

उद्यमबाग_टर्नर

डबाबंद साहेब तुमच्या कपाटातले ट्रॅक्टर काचेतनं बाहेर बघत रडत असतील ओ 😄 पण एक गोष्ट बरोबर बोललात, पहिला प्रयोग महागाच्या मॉडेलवर नको.

संकेश्वरवाले दादा, चिखलाच्या आधी एक वेगळंच बघा. तुमच्याकडं आलेली ३५एक्स म्हणजे १९६२ ते ६४ मधली गाडी, तिचं नाक गोल. काकांची १०३५, तिचं तोंड चौकोनी, ती दिसायला मॅसी १३५ च्या घराण्यातली. त्यामुळं तुम्ही कितीही माती लावली तरी काका लांबनंच म्हणणार की ही आपली न्हवं. एकतर १३५ चं १:१६ मॉडेल मिळवा, युनिव्हर्सल हॉबीजनंच काढलंय, न्हाईतर ३५एक्सचं बोनेट बाजूला ठेवून प्लास्टिक शीटमधनं चौकोनी बोनेट करा. तेवढं अवघड न्हाई, सगळ्या सरळ रेषाच हाईत, कोपरे पुट्टीनं गोल करायचे. खालचा सांगाडा चालतोय, दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, १८३० मिमीच्या आसपास, म्हणजे मॉडेलमध्ये ११४ मिमी यायला पाहिजे. टेप लावून बघा. आपल्याकडं जत्रंत मिळणाऱ्या पुलबॅक ट्रॅक्टरवर स्केल लिहिलेलं नसतंय, त्यांचं पण असंच काढायचं, खऱ्या व्हीलबेसला मॉडेलच्या व्हीलबेसनं भागा.

मग स्क्रू खोलून सुटे भाग करा आणि डब्या-डब्यात ठेवा. रंग काढायचा असेल तर फक्त धातूच्या भागाचा. मी पहिल्यांदा सगळंच एनसी थिनरमध्ये, म्हणजे रंग विरघळवणाऱ्या कडक थिनरमध्ये, टाकलं होतं, तासाभरानं बघतो तर प्लास्टिकचं स्टीअरिंग आणि सीट च्युइंगगमसारखं चिकटलेलं, आणि गाडी माझी नव्हती, मित्राच्या पोराची. नवीन घेऊन द्यावी लागली. तेव्हापासनं तो पोरगा मला बघितलं की आधी खेळणं पाठीमागं लपवतोय.

टायरला कंपनीकडनं एक चकाकी असते आणि मधोमध साच्याची शिवण. १५० नंबरच्या पॉलिश पेपरनं दोन्ही घालवा, निम्मा खेळणंपणा तिथंच जातोय. १०३५ ला मागं १२.४-२८ चे टायर, १:१६ मध्ये साधारण ८ सेंमी उंच, पुढचे ६.००-१६ चे साडेचार सेंमी. रिम बारीक-मोठी वाटली तर लेथवर अॅल्युमिनियमची काढता येते, इथं बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याबी वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत होणारं काम हाय, मी तर चहावरच करून देतो.

डिझेलची पाइप म्हणून टेलिफोनच्या वायरीतली ०.५ मिमीची तांब्याची तार. सायलेन्सरला बॉलपेनची रिकामी रिफील, खरा पाइप ५० मिमीचा धरला तर भागिले १६ म्हणजे ३ मिमी, रिफील तेवढीच भरतेय.

डबलट्रॉली

मी चिकोडी साईडचा, मॉडेल बिडेल कळत न्हाई पण १४ सीझन ऊस ओढलाय म्हणून लिहालोय.

भावा तुझं चुकलं कुठं सांगू, उसाच्या गाडीला एवढा चिखल असतोयच कुठं?? गाडी फडात जातेय तेवढ्यापुरती, बाकी सगळं डांबरी रोड, कारखान्यापर्यंत जायचं, नंबरला उभं रहायचं, काट्यावर चढायचं, रिकामं यायचं. चिखल रोडला निघून जातोय. मागच्या टायरचं बघ, रोडवर पळून पळून मधल्या गुट्ट्या, म्हणजे रबराचे उंचवटे, झिजून गुळगुळीत, कडंच्या तेवढ्या उभ्या ऱ्हातात. शेतात नांगरणाऱ्या गाडीच्या गुट्ट्या धारदार असतात आणि मधी माती अडकलेली असतेय. तू आधी ठरव तुझी गाडी आज फडातनं आलीय का काट्यावर उभी हाय, दोन्ही एकदम न्हाई दाखवता येत.

आता घाण कुठं असतेय ते सांगतो. डिझेल टाकीच्या झाकणापासनं खाली वघळ, त्याच्यावर धूळ बसून काळपट पट्टा. हायड्रॉलिकच्या लिव्हरजवळ आणि मागच्या एक्सलला तेलकट माती, ही वाळतच न्हाई, चमकतेय. क्लच ब्रेकचे पेडल बुटानं चपलंनं घासून चांदीसारखे. चढायच्या पायरीचा रंग गेलेला. डाव्या मडगार्डवर माणूस बसतोयच, तिथला रंग पँटनं घासून उडालेला, आणि उजव्या मडगार्डचा तसाच शाबूत. सायलेन्सरच्या शेजारी बोनेटचा रंग भाजून तपकिरी. बोनेटचा वरचा भाग उन्हानं फिक्कट गुलाबी पडतोय, साईडचा तेवढा पडत न्हाई. सीटवर पोतं, त्याच्यावर टॉवेल. पुढं बंपरला लिंबू-मिरची, जुनं वाळलेलं पण काढत न्हाईत, त्याच्यावरच नवीन बांधतात.

आणि डबल ट्रॉली लावू नको १०३५ ला. ३६ एचपीची गाडी ती, चढावर पुढची चाकं उचलतील, बघणारा ड्रायव्हर असला तर हसंल. एकच लाव आणि गच्च भर. दोन लावायच्या असतील तर ५० एचपीच्या वरची गाडी घे, तिला पुढं बंपरवर वजनं दाखव.

खानापूर_लालमाती

वरचं मडगार्डचं निरीक्षण वाचून मी आमच्या दारातल्या ट्रॅक्टरला जाऊन बघून आले, खरंच डावं घासलंय!

मी गणपतीत देखावे करते, त्यात शेताचा देखावा ठरलेला, त्यामुळं मातीवर लिहू शकते. दादा, पोस्टर कलर सोडा, खरी माती वापरा, पण गाडी जिथली तिथलीच. आमच्या खानापुरात तांबडी, तुमच्याकडं काळी. आणि काळी माती वाळली की काळी दिसत नाही हं, राखाडी दिसते, धूळ म्हणून बसली तर आणखी फिकी. काळा रंग लावलात तर ग्रीस लावल्यासारखं दिसेल.

माती तशीच चाळून लावली तर खडे दिसतात, १:१६ मध्ये एक मिमीचा खडा म्हणजे दीड सेंमीचा दगड झाला. कुंभार करतात तसं करायचं, बादलीत माती कालवायची, मिनिटभर थांबायचं, जड रेती खाली बसते, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, ते रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं निवळ पाणी टाकून द्यायचं आणि खालचा गाळ उन्हात वाळवायचा. मग तव्यावर भाजायचा, नाहीतर ओलसर राहून बुरशी धरते, माझ्या एका देखाव्यातल्या भाताच्या वाफ्यात पांढरी बुरशी आली होती आणि लोक म्हणाले वा, काय धुकं दाखवलंय. मी पण गप्प बसले.

हा पीठासारखा गाळ कोरड्या ब्रशनं खाचाखोचांत बसवा, वरनं मॅट वार्निश दुरून फवारा. जवळून फवारलं तर सगळं उडून जातं. जिथं जाड माती पाहिजे, म्हणजे मडगार्डच्या आतल्या बाजूला, तिथंच फेविकॉल पाण्यात पातळ करून माती कालवून लावा. ओलं असताना गडद दिसतं, घाबरून आणखी माती घालू नका, दुसऱ्या दिवशी बघा.

पेडलच्या चमकीला चांदीचा रंग नको, ६बी पेन्सिल घासा. आणि फिकं पडलेलं लाल करायचं असेल तर लालमध्ये पांढरा एकदम नको, गुलाबी लिपस्टिक होते, थोडा नारिंगी घाला आणि मग टिपकाभर पांढरा.

कधी भाताच्या चिखलणीची गाडी करायची झाली तर सांगा, त्याची लोखंडी पिंजऱ्यासारखी केज व्हील मी जीआय तारेतनं केलीत.

डबाबंद

बोनेट नवीन करणार असाल तर मूळचं बोनेट फेकू नका, टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवा. पुढं मागं कोणाला तरी लागतंय. (आणि मी रडवत न्हाई कुणाला, महिन्यातनं एकदा पुसतो सगळ्यांना.)

संकेश्वर_मळा

बापरे, एवढं सांगितलंत सगळ्यांनी. तीन आठवड्यांनी येतोय परत.

बोनेट शीटमधनं केलं, दोनदा वाकडं झालं, तिसऱ्यांदा जमलं. टायरच्या मधल्या गुट्ट्या पेपरनं झिजवल्या, ह्यानं एवढा फरक पडेल वाटलं नव्हतं. माती आमच्याच मळ्यातली, गाळून घेतली, आईनं तवा द्यायला नकार दिला म्हणून जुन्या पत्र्यावर भाजली. डिझेलचा वघळ ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) थिनरमध्ये एकदम पातळ करून सोडला, थिनर म्हणजे टर्पेंटाइन, एनसी न्हवं, टर्नरभाऊ काळजी नको 😄

मूळचं बोनेट डब्यात ठेवलंय.

एकच ट्रॉली करतोय, १० बाय ६ ची, म्हणजे १९ सेंमी लांब आणि साडेअकरा रुंद, तेलाच्या डब्याचा पत्रा वापरलाय. आता ऊस कशाचा करू? टूथपिक लावून बघितले, आखूड पडतात आणि दोन्ही टोकं भाल्यासारखी.

खानापूर_लालमाती

खराट्याच्या काड्या! नारळाच्या हिराच्या. ऊस तीन सेंमी जाड धरला तर तुम्हाला दोन मिमीच्या आत पाहिजे, खराट्याची बुडाकडची काडी तेवढीच असते. खरा ऊस दोन मीटर, म्हणजे काडी साडेबारा सेंमी. सगळ्या एकाच लांबीच्या कापू नका, आणि एका रंगाच्या पण नको, हिरवट पिवळ्यात मधेच तांबूस. पेरं दाखवायला बॉलपेननं बारीक रेघा, पण ते फक्त वरच्या आणि कडेच्या काड्यांना, आतल्या कोण बघतंय. आत थर्माकोलचा ठोकळा भरा, नाहीतर तीन खराटे लागतील आणि घरात भांडण.

डबलट्रॉली

ऊस आडवा रचतात की उभा ते आपल्या कारखान्याला काय चालतंय ते बघ, आणि मोळ्या दिसू देत, सुट्टा ऊस पसरून टाकू नको. वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, काढलेलं असतंय, पण मोळी त्याच वाढ्यानं बांधलेली असतेय, ती हिरवी-वाळकी गाठ दाखव. वरनं दोन-चार ऊस लोंबकळत ठेव, रोडला पोरं वढतात ते.

भरलेल्या ट्रॉलीचे टायर खाली बसतात बघ, गोलच्या गोल ठेवू नको.

उद्यमबाग_टर्नर

हां हे मी विसरलो होतो. टायर पॉलिश पेपरवर एकाच जागी घासून खाली मिमी-दीड मिमी सपाट करायचा, मग तो सपाट भाग खाली येईल असं चाक चिकटवून टाकायचं. फिरणार न्हाई पण वजन दिसतंय. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला पण थोडं, पुढच्याला नको.

संकेश्वर_मळा

काल काकांना दाखवली. काका पाच मिनिटं काय बोललेच न्हाईत, चष्मा लावून मागनं पुढनं बघितली. मला वाटलं आता पाठ थोपटतील. तर म्हणाले, ऊस ओढताना टॉपलिंक (मागं अवजार जोडायचा वरचा दांडा) कशाला ठेवलीयास रे, ती मी काढून घरात ठेवतो की, कोणतरी नेतंय. आणि खालचे दोन्ही हात साखळीनं वर बांधलेले असतात, तुझे लोंबकळालेत, रोडला घासतील.

टॉपलिंक काढली. आता १:१६ ची साखळी कुठं मिळणार सांगा कुणीतरी.

खानापूर_लालमाती

बेन्टेक्सच्या दुकानात जा, एक ग्रॅमवाली सगळ्यात बारीक कडीची चेन मागा, तुटलेली असली तरी चालेल, देतात स्वस्तात. घरी आणून आधी काळी करा, नाहीतर काकांच्या गाडीला मंगळसूत्र घातल्यासारखं दिसेल.