मदत हवी आहे: 'नाखवा' म्हणजे होडीचा मालक की कप्तान?

मंडळी, कोकण किनाऱ्यावरच्या, विशेषतः मासेमारीतल्या लोकांनी कृपया उत्तर द्यावं.

आम्ही हर्णैकडचे. संध्याकाळी बंदरावर लिलाव लागला की मासळीच्या ढिगाशी उभा राहून भावाला हो-नाही म्हणणारा तो नाखवा, म्हणजे होडीचा मालक. तो समुद्रावर गेलेला असेलच असं नाही. होडी हाकतो तांडेल, त्याच्या हाताखाली खलाशी. ही माणसं आमच्याकडे एकमेकांत मिसळत नाहीत. तांडेलाला नाखवा म्हटलं तर तोच थांबवून दुरुस्त करतो.

आता मामेभाऊ कुवेतहून सांगतो की तिकडे मोती काढायच्या जुन्या गलबतांवरच्या कप्तानाला 'नोखदा' म्हणत. मलय भाषेतही 'नाखोदा' म्हणजे जहाजाचा कप्तान. शब्द एकच, फारसी 'नाखुदा': नाव अधिक खुदा. खुदा इथे धनी या अर्थाने. फारसीत गावप्रमुखाला 'कदखुदा' म्हणतात, त्यातही तोच. आणि त्यातली 'नाव' आपल्या नावेच्या, संस्कृत 'नौ'च्याच कुळातली, हे कळल्यावर तर मला फारच आनंद झाला.

फोड बघितली तर 'नावेचा धनी', म्हणजे आमचा हर्णैचा अर्थ जुना वाटतो. गुजरातेतल्या वेरावळच्या १२६४ सालच्या शिलालेखात (संस्कृत आणि अरबी, दोन्ही भाषांत आहे) होर्मुझचा नूरुद्दीन फिरोज नाखुदा म्हणून येतो. त्याने तिथे मशीद बांधली, तिच्या खर्चासाठी मिळकत लावून दिली. पगारी कप्तानाच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. अर्थात धनीच जहाज घेऊन निघत असेल तर दोन्ही अर्थ एकाच माणसात नांदले असणार, आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्यावर वेगळे झाले असणार. माझा अंदाज हाच आहे, पण त्याला पुरावा हवा.

म्हणून विचारतो. मालवण, वेंगुर्ला, अलिबाग, वसईकडे नाखवा कोणाला म्हणतात? तांडेल आणि नाखवा एकच, असं कुठे आहे का? 'नाखुदा'तला 'द' आपल्याकडे आल्यावर गळला की गुजराती खलाशांच्या तोंडून शब्द 'द' गळूनच आला? जुन्या मराठी कागदपत्रांत हा शब्द कोणाला दिसला असेल तर पूर्ण वाक्य उतरवून द्या, नुसता अर्थ नको.

नाखवा आडनावाच्या मंडळींनी तर जरूर लिहा. आडनाव कोणत्या पूर्वजामुळे पडलं, आणि होडी त्याच्या मालकीची होती की तो दुसऱ्याची हाकत होता, याबद्दल घरातली वडीलधारी काय सांगतात?