मदत हवी: कॉफी बीन ग्रूव्ह दिसतोय, पण ग्रॅन्युलोसा म्हणू का?

बांबोळी_बेंच:
प्रॅक्टिकल तोंडावर आली आहे. न्यूक्लियसवर कॉफीच्या बीसारखी उभी खाच दिसली की हात आपोआप 'अ‍ॅडल्ट ग्रॅन्युलोसा' लिहितो, आणि मग ती ब्रेनर, म्हणजे अंडाशयाची दुसरीच गाठ, निघते. समोरची स्लाइड अशी: वय ५४, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, डाव्या अंडाशयाची ११ सेंमी गाठ, घट्ट पिवळसर भाग आणि मधे रक्ताने भरलेल्या पोकळ्या. पेशी बहुतेक ठिकाणी सलग पसरलेल्या, मायटोसिस तुरळक, खाचा अधूनमधून. कॉल-एक्स्नर बॉडी (पेशींच्या कड्यातल्या इवल्या पोकळ्या) शोधूनही नाहीत. इनहिबिन (अशा गाठीसाठीचं अँटिबॉडी स्टेन) फिकं, तेही तुकड्यातुकड्यांत. नमुना न कापताच फॉर्मलिनमध्ये टाकलेला होता आणि चवथीच्या सुट्ट्या संपल्यावर ग्रॉसिंग (कापून तुकडे घेणं) झालं. पुढे काय बघू?

मांडवीकाठ:
खाच तूर्त विसरा आणि ४एक्सच्या लेन्सवर या. ब्रेनर तिथेच सुटते: घट्ट तंतुमय स्ट्रोमात (आधार-ऊतीत) रेखीव कडांची गोल बेटं, पेशींना भरपूर फिकट सायटोप्लाझम, बेटाच्या मधोमध कधी म्यूसिन असलेली पोकळी. ग्रॅन्युलोसात सायटोप्लाझम जेमतेम, न्यूक्लियस फिकट, आणि पेशी कशाही तोंडं फिरवून बसलेल्या. कॉल-एक्स्नर नाहीत म्हणून निदान सोडू नका. डिफ्यूज, म्हणजे सलग पसरलेल्या प्रकारात त्या बऱ्याचदा नसतातच.

खरी भीती ब्रेनरची नाही, एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमाची (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ग्रंथींच्या कॅन्सरची) आहे. त्यातल्या बारीक ग्रंथी हुबेहूब कॉल-एक्स्नरसारख्या दिसतात, आणि रक्तस्राव तिथेही असतोच. स्क्वेमस भाग, पोकळीतलं म्यूसिन, गाठीच्या कडेला एंडोमेट्रिऑसिस यांपैकी काही आहे का ते पाहा. अँटिबॉडी पॅनेलमध्ये ईएमए आणि पॅक्स८ घ्या: कार्सिनोमात ते येतात, ग्रॅन्युलोसात नाही. नुसत्या पॅनकेराटिनवर विसंबू नका, ग्रॅन्युलोसातही ते ठिपक्यांसारखं येतं. डब्ल्यूटी१ चंही तेच, पॉझिटिव्ह आलं म्हणून सिरस कार्सिनोमा म्हणायला धावू नये.

न्यूक्लियस गडद, वेडेवाकडे आणि मायटोसिस दर फील्डला असतील तर खाच असो वा नसो, आधी कार्सिनोमा नाकारा.

आणि गर्भाशयाच्या अस्तराचा (एंडोमेट्रियमचा) नमुना मागवा. गाठ इस्ट्रोजेन सोडत असेल तर तिथे हायपरप्लाझिया (अस्तराची अतिवाढ), क्वचित कार्सिनोमाही सापडतो. तुमच्या केसमधला रक्तस्राव बहुधा तिथूनच.

फोंड्याचा_फॉर्मलिन:
इनहिबिन फिकं येण्याचं कारण प्रश्नातच आहे. फॉर्मलिन तासाला फार तर मिलिमीटरभर आत जातं, तेही पुढे पुढे मंदावत. ११ सेंमीची गाठ न कापता ठेवली की बाहेरची कड सुट्टीभर फॉर्मलिनमध्ये मुरते आणि गाभा सडतो. पेशी आक्रसल्या की खाचाही पुसतात. कॅप्सूललगतच्या सेंटिमीटरभर पट्ट्यातून ताजे ब्लॉक घ्या, सेक्शन ३ ते ४ मायक्रॉन. कडेला रंग ठळक आणि मध्यात फिका असेल तर दोष फिक्सेशनचा, निदानाचा नाही. जोडीला कॅलरेटिनिन किंवा एसएफ१ ची अँटिबॉडी लावा. सॅम्पलिंग दर सेंटिमीटरला एक ब्लॉक, म्हणजे इथे किमान ११.

बांबोळी_बेंच:
धन्यवाद. फायब्रोमा-थेकोमा या स्ट्रोमाच्या गाठींपासून वेगळं करायला रेटिक्युलिन (बारीक आधारतंतू चांदीने काळे करणारं स्टेन) करतेय, पण सगळी पार्श्वभूमीच काळी येते. सेक्शनही सुटून जातात.

मांडवीकाठ:
सेक्शन सुटतात कारण चांदीचं द्रावण अल्कलाइन असतं. कोटेड स्लाइड वापरा.

गॉर्डन-स्वीट्स या रेटिक्युलिनच्या पद्धतीसाठी ५ मिली १०% सिल्व्हर नायट्रेटमध्ये तीव्र अमोनिया थेंबथेंब घाला, गढूळपणा जेमतेम जाईपर्यंतच. मग ५ मिली ३% सोडियम हायड्रॉक्साइड, पुन्हा थेंबथेंब अमोनिया, आणि द्रावणात किंचित धूसरपणा असतानाच थांबा. ५० मिलीपर्यंत डिस्टिल्ड पाणी. अमोनिया जास्त झाला तर तंतू रंगतच नाहीत.

स्लाइडवर आम्लयुक्त परमँगनेट ५ मिनिटं, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने रंग उडवणं, २.५% आयर्न अ‍ॅलम १५ मिनिटं, मग चांदी, मग १०% फॉर्मलिन. पार्श्वभूमी काळी येते ती इथे: अ‍ॅलम आणि चांदीच्या मधे नळाचं पाणी वापरलं जातं, त्यातल्या क्लोराइडने चांदी खाली बसते. तिथे डिस्टिल्डच, तीन-चार बदल. काचसामान स्वच्छ हवं, धातूचा चिमटा नको. उरलेलं द्रावण बाटलीत ठेवू नका, वाळलं तर स्फोटक होतं.

वाचायचं कसं: थेकोमा-फायब्रोमात तंतू एकेका पेशीला वेढतो, ग्रॅन्युलोसात पेशींच्या घोळक्याला. थेकोमाचे पट्टे ग्रॅन्युलोसातही मिसळलेले असतात, तेव्हा एकाच फील्डवर निकाल देऊ नका.

बांबोळी_बेंच:
फॉक्सएल२ अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर पुरे ना?

फोंड्याचा_फॉर्मलिन:
नाही. अँटिबॉडी सेक्स कॉर्ड-स्ट्रोमल (ग्रॅन्युलोसा, थेकोमा वगैरेंच्या) गटातल्या बऱ्याच गाठींना चिकटते. निदानाला बळ देतं ते फॉक्सएल२ जीनमधलं म्यूटेशन, सी१३४डब्ल्यू, २००९ मध्ये दाखवलेलं. अ‍ॅडल्ट प्रकारात ते जवळजवळ नेहमी असतं, ज्युव्हेनाइलमध्ये सहसा नसतं. पॅराफिन ब्लॉकवर तपासता येतं, मात्र कडेचा चांगला ब्लॉक द्या.

रिपोर्टमध्ये कॅप्सूल अखंड की फुटलेलं हे लिहायला विसरू नका. ऑपरेशनच्या वेळी फुटलं तर स्टेज १सी१, आधीच फुटलेलं किंवा पृष्ठभागावर गाठ असेल तर १सी२. काचेवरून हे कळत नाही, ऑपरेशनची नोंद मागवा.