मदत हवी आहे : 'महल'ची ७८ आरपीएमची तबकडी वाजवायची आहे

अमळनेरच्या जुन्या घराच्या माळ्यावर, गोधड्यांच्या पेटीत, आजोबांच्या काही ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या सापडल्या. त्यात 'महल' (१९४९) मधलं 'आएगा आनेवाला' आहे. लेबलवर संगीतकार खेमचंद प्रकाश, पण गायिकेच्या जागी 'कामिनी'! म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव. सुरुवातीच्या तबकड्यांवर लतादीदींचं नाव नव्हतं हे वाचलं होतं, पण ते आपल्याच घरात हातात धरून वाचताना अंगावर काटा आला.

तडा नाही. पण आपल्याकडचा उन्हाळा आणि वर पत्रे, त्यामुळे एक कड बोटाच्या पेराएवढी उचलली गेली आहे. मऊ फडक्याने, डिस्टिल्ड वॉटरने पुसली. स्पिरिट लावलेलं नाही; तबकडी लाखेची आहे आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे माहीत आहे. माझ्या प्लेअरला ७८ चा वेग आहे, पण सुई एलपीची (नंतरच्या ३३ आरपीएमच्या तबकड्यांची), म्हणजे या रुंद खाचांसाठी फार बारीक. त्यामुळे एकदाही लावून पाहिली नाही. जळगावात दोन दुकानांत विचारलं, ७८ ची सुई मिळाली नाही.

कुरिअरने कुठे पाठवणार नाही, यातलीच एक तबकडी तशी पाठवून तुकडे होऊन परत आली. नाशिक-पुण्यापर्यंत स्वतः घेऊन जाईन. यूट्यूबवर गाणं आहेच, पण आईला हीच तबकडी ऐकायची आहे.

७८ च्या खाचांना लागणारी ३ मिलची (०.००३ इंच टोकाची) सुई जवळपास कुठे मिळेल? आणि दोन काचांमध्ये ठेवून ऊन दिलं तर कड बसते म्हणतात, ते कुणी लाखेच्या तबकडीवर स्वतः करून पाहिलंय का?