विळीचे पाते बदलायचे आहे: साधे पोलाद, स्टेनलेस की सिरॅमिक?

प्रश्न:
आमच्या विळीचे पाते धार लावून लावून झिजले आहे. लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे पाते घडवून देण्यास तयार आहे, तर भांड्यांच्या दुकानात स्टेनलेसचाच आग्रह होतो. सोबत एक सुरी घ्यायची असून तिच्यासाठी सिरॅमिकचा विचार आहे. घरात कैरी, लिंबू आणि मासे नेहमी चिरले जातात. कोणते पाते घ्यावे?

प्रतिसाद १:
कमानपाट्याच्या पोलादात साधारण ०.६ टक्के कार्बन असतो. त्याला नीट पाणी दिले, म्हणजे लालभडक तापवून झटकन थंड केले, तर धार तीक्ष्ण येते आणि बोथट झाली तरी घरच्या दगडावर लवकर परतते. मात्र कैरीची फोड करताच पात्यावर निळसर काळे डाग उमटतात आणि फोडीची कडही काळवंडते, कारण आम्ल लोखंडावर लगेच काम करते. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर आपोआप तयार होऊन गंज रोखतो. इंग्लंडमधील शेफील्डमध्ये धातुतज्ज्ञ हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली ओतलेल्या पोलादात ते १२.८ टक्के होते, आणि सुऱ्याकाट्यांसाठी त्याचा उपयोग लवकरच सुरू झाला. तुमच्या घरी आंबट इतके चिरले जात असेल, तर सुरी स्टेनलेसचीच घ्यावी.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे, परंतु नुसत्या धातूच्या नावावर जाऊ नये. स्वस्त स्टेनलेसमध्ये कार्बन फार कमी असला, तर पाते चकचकीत राहते आणि धार मात्र चार दिवसांत जाते. लोहाराकडून पाते घेताना धारेवर कानस हलकेच फिरवून पाहावी: ती सहज चावली तर पाणी नीट बसलेले नाही, घसरली तर पाते कडक आहे. पाणी दिल्यावर ते पुन्हा हलके, पिवळसर रंग येईपर्यंत तापवले आहे का, हेही विचारावे, नाहीतर नारळावर टवका उडतो.

प्रतिसाद ३:
सुऱ्यांचे सिरॅमिक म्हणजे झिर्कोनिया, झिर्कोनियम या धातूचे ऑक्साइड. ते गंजत नाही आणि धारही पुष्कळ टिकते, पण ते ठिसूळ असल्याने माशाचा काटा किंवा भोपळ्यात पाते पिळणे त्याला सोसत नाही. शिवाय धार लावायला हिऱ्याचा दगड लागतो. टोमॅटो आणि फळांपुरते ते उत्तम आहे, मासळीच्या घरात एकुलती एक सुरी म्हणून मुळीच नाही. विळीला लोहाराचेच पाते बसवा, वापरल्यावर लगेच पुसून त्याला खोबरेलाचा हात लावा, आणि कैरी-लिंबू स्टेनलेसच्या सुरीने चिरा.