डॉक्टरांनी पाटी पुसली. बरोबर केलं का?

पूर्वभागकर:
काकांनी 35 वर्षं यंत्रमाग चालवला. आता जिभेचा कॅन्सर गळ्यात उतरलाय, बोलता येत नाही म्हणून पाटी-पेन्सिल दिलीय. परवा डॉक्टर घरी आले तेव्हा लिहिलं, "एक इंजेक्शन द्या, मोकळं करा." डॉक्टरांनी वाचलं आणि तळहातानं पाटी पुसून टाकली. म्हणाले, "हे माझ्याकडून होणार नाही." जीव काकांचा, मग नकार देणारे हे कोण?

सातरस्ता:
जेलात कोण जाणार, तुम्ही? इंजेक्शन टोचलं तर सदोष मनुष्यवध, नाहीतर खूनच. औषध नुसतं हातात ठेवलं तरी आत्महत्येला मदत, 10 वर्षांपर्यंत शिक्षा.

पूर्वभागकर:
मग 2018 चा सुप्रीम कोर्टाचा इच्छामरणाचा निकाल कशाला होता?

सातरस्ता:
तो उपचार थांबवण्याचा. व्हेंटिलेटर काढा, नळी नको, इतकंच. त्यालाही डॉक्टरांची दोन मंडळं लागतात. कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 2011 लाही कोर्टानं हीच रेघ मारली होती. काका मशीनवर आहेत का?

बिनधास्त_बाळे:
रेघच ढोंगी आहे. नळी काढून आठवडाभर वाट बघायची ती माणुसकी, आणि पाच मिनिटांत सुटका तो गुन्हा? नेदरलँड्समध्ये 2002 पासून कायदा आहे, तिथले डॉक्टर काय कसाई आहेत?

वॉर्डातली ताई:
तिथंही डॉक्टरवर सक्ती नाही, तो नाही म्हणू शकतो. मी नर्स आहे. "मारून टाका" म्हणणारे पुष्कळ बघितले. एक आजी रोज म्हणायच्या. मुलगी बिड्या वळून औषधं आणायची. एका संध्याकाळी ती सुपात पानं घेऊन खाटेशेजारी बसली होती आणि आजी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "हिचे हात माझ्यापायी झिजले." त्यांना मरण हवं होतं की मुलीची सुटका? अशा माणसाला हो म्हणायची आमची छाती होत नाही. कायदा नंतर.

बिनधास्त_बाळे:
म्हणजे गरिबी आपण हटवणार नाही आणि तिच्या नावानं माणसाला तडफडत ठेवणार. वा! श्रीमंतानं मागितलं तर देणार का मग?

वॉर्डातली ताई:
नाही देणार. आणि तुमचा टोमणा लागला, खोटं कशाला बोलू.
पूर्वभागकर, काकांना मॉर्फीनच्या गोळ्या आहेत का? कशा देता?

पूर्वभागकर:
आहेत. फार दुखलं की एक. सवय लागेल म्हणून काकू जपून देते.

वॉर्डातली ताई:
अहो, तिथंच चुकतंय! मॉर्फीनची साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते, दुखायची वाट बघायची नसते. सोबत पोट साफ व्हायचं औषध. आजच डॉक्टरांना फोन करून डोस विचारा, गिळता येत नसेल तर तेही सांगा.

पूर्वभागकर:
करतो. पण दुखणं थांबल्यावरही काकांनी तेच लिहिलं तर?

वॉर्डातली ताई:
तर मलाही उत्तर येत नाही. पण पाटी पुसायला नको होती.