मदत हवी आहे : सिंधुदुर्गात राहून व्हायोलिनवादन आणि अध्यापन दोन्ही कसे सांभाळावे?

नमस्कार.

मी कुडाळजवळ राहते, हिंदुस्थानी पद्धतीचे व्हायोलिन वाजवते आणि शिकवते. पुण्यात गुरूंकडे गायकी अंगाची, म्हणजे गाण्याच्या ढंगाने वाजवण्याची तालीम घेतली, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद पूर्ण केली, संगीतात एम. ए. केले आणि करोनाच्या काळात घरच्या कारणांमुळे गावी परतले. वय ३२ आहे. घाटापलीकडच्या एका निवासी शाळेने मला पूर्णवेळ संगीतशिक्षिकेची जागा देऊ केली असून जूनपूर्वी होकार किंवा नकार कळवायचा आहे. पगार नियमित आहे, राहण्याची सोयही आहे. परंतु तेथे रुजू झाल्यावर मैफलीत वाजवणारी कलाकार म्हणून मी किती शिल्लक राहीन, याची मला शंका वाटते. ज्यांनी तंतुवाद्य वाजवत आणि शिकवतच संसार चालवला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आधी सध्याची परिस्थिती सांगते. कुडाळ आणि सावंतवाडी मिळून पंचवीसच्या आसपास विद्यार्थी आहेत आणि महिन्याची फी ८०० रुपये आहे. काही पालकांना तीही जड जाते, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही, कारण व्हायोलिन शिकायचे म्हणजे आधी वाद्य विकत घ्यावे लागते, मूल वाढले की अर्ध्या मापाचे बाजूला ठेवून पाऊण मापाचे आणि नंतर पूर्ण मापाचे घ्यावे लागते. पेटी मात्र बहुतेक घरांत आजोबांच्या वेळची असतेच. चतुर्थीच्या आधीपासून विसर्जनापर्यंत वर्ग बंद असतात, शाळेच्या परीक्षा आल्या की निम्मी मुले येत नाहीत, आणि मे महिन्यात चाकरमानी घरी आले की उरलेलीही येत नाहीत. त्यामुळे वर्षाचा हिशेब बारा महिन्यांचा धरता येत नाही.

शिकवण्याच्या कामात मला खरोखर रस आहे, हे येथे स्पष्ट करते. अडचण आहे ती या वाद्याच्या स्वभावाची. सतारीला पडदे असतात, त्यामुळे नवख्या विद्यार्थ्याचाही सूर निदान जवळपास तरी लागतो. व्हायोलिनवर बोट केसभर सरकले की गंधार ना कोमल राहतो ना शुद्ध. गज सरळ ओढणे, षड्ज-पंचम कानात बसवणे आणि डाव्या हाताचा अंगठा आवळून न धरणे यातच पहिली दोन वर्षे जातात, आणि हे काम दहा मुलांना एकत्र बसवून होत नाही. प्रत्येकाच्या शेजारी बसावे लागते. त्यातच शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे बरेच पालक प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्यांचा हिशेब मनाशी बांधूनच येतात. त्या गुणांमुळे मुले वर्गात येतात, हा फायदा मी नाकारत नाही. पण भूप रागाचे आलाप सुचू लागण्याच्या आत अभ्यासक्रमातला पुढचा राग हाती घ्यावा लागतो आणि दहावीचा निकाल लागला की व्हायोलिन माळ्यावर जाते. मध्यमा पूर्ण केल्यानंतरही शिकत राहिलेले विद्यार्थी आज माझ्याकडे फक्त दोन आहेत, आणि त्यांना शिकवतानाच माझे स्वतःचे वादनही पुढे सरकते.

वादनाच्या बाजूने पाहिले तर नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत साथ, देवळांतील उत्सवात अभंग आणि भक्तिगीते, आणि क्वचित एकलवादन असे काम मिळते. कोकणात श्रोता नाही, असे कोणी म्हणू नये. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा महोत्सव भरतो, खल्वायन या संस्थेच्या मासिक संगीतसभा होतात, कणकवलीत तर तबलावादक वसंतराव आचरेकर यांच्या नावाने प्रतिष्ठानच उभे आहे. या ठिकाणचा श्रोता समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमकी मान हलवणारा आहे. परंतु मोठ्या महोत्सवात कलाकार मोजकेच असतात, त्यातही गायनाला पहिला मान असतो, आणि लहान गावांतील आयोजकांना नुसते व्हायोलिन म्हणजे गाण्याआधीची प्रस्तावना वाटते.

त्याहून मोठा प्रश्न साथीदाराचा आहे. ठेक्याची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या भजनांमुळे वाडीवाडीत पखवाज वाजतो आणि दशावतारातला मृदंग तर कानात घुमत राहतो. पण विलंबित, म्हणजे अगदी संथ एकतालात अर्धा तास लय न हलवता शांतपणे ठेका धरणारा तबलजी रियाझासाठी आठवड्यातून एकदा मिळणे मला अजून जमलेले नाही. इलेक्ट्रॉनिक तबल्यावर लय पक्की होते, परंतु तो माझी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणलेला तुकडा, ऐकत नाही.

हवेविषयी थोडक्यात सांगते. पावसाळ्यात गजाचे केस सैल पडतात, खुंट्या फुगून अडकतात, सरसाने जोडलेल्या कडा सुटतात आणि तारा गंजतात. थंडीत त्याच खुंट्या सैल होऊन घसरतात. सतारवाल्यांना निदान मिरज आहे, जेथील सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ते घाट चढून जातात आणि जवारी काढून, म्हणजे तारेची गुंज नीट येईल अशी घोडी घासून आणतात. आम्हाला गजाचे केस बदलण्यासाठी गोव्याकडे पाहावे लागते.

निर्णय घेण्यापूर्वी मी मागच्या पिढ्यांतील वादकांनी चरितार्थ कसा चालवला, हे पाहण्याचा प्रयत्न केला. वाईत १९२२ साली जन्मलेल्या पं. वि. गो. जोग यांनी लखनौच्या संगीत महाविद्यालयात शिकवले आणि पुढे ते आकाशवाणीच्या सेवेत राहिले. गायन आणि व्हायोलिन या दोन्हींवर प्रभुत्व असलेले पं. गजाननराव जोशी हेही आकाशवाणीत होते. डॉ. एन. राजम यांनी बनारस हिंदू विद्यापीठात अनेक दशके अध्यापन केले आणि त्याच काळात त्या देशभर मैफली करत राहिल्या. म्हणजे ज्यांना आपण केवळ मैफलीचे कलाकार म्हणून ओळखतो, त्यांच्याही घरात महिन्याचा पगार येतच होता. फरक एवढाच, की तो पगार त्यांच्या वादनाशी थेट जोडलेल्या कामाचा होता. मला देऊ केलेल्या जागेत व्हायोलिन आहेच, पण त्याच्या जोडीला प्रार्थना, समूहगीते, कीबोर्ड आणि स्नेहसंमेलनाची सर्व तयारीही आहे. रेडिओतील कर्मचारी-कलाकारांची भरती तर बऱ्याच काळापासून जवळजवळ थांबलेली आहे, आणि गोव्यात सरकारी जागेसाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट असल्यामुळे सावंतवाडीहून तासाभरावर असलेला तो मार्गही मला बंद आहे.

माझे प्रश्न असे आहेत. शाळेतील पूर्णवेळ नोकरी स्वीकारून ज्यांनी मैफलीचे वादन टिकवले, त्यांनी रियाझाची वेळ कशी राखली? नोकरी नाकारून येथेच राहायचे ठरवले, तर नवख्या मुलांचे वर्ग कमी करून उत्पन्न कसे भरून काढावे? आणि आकाशवाणी चाचणी घेऊन कलाकारांना जी श्रेणी देते, तिच्यासाठी या वयात प्रयत्न करण्याचा वादनाच्या संधींखेरीज आणखी काही उपयोग होतो का?

प्रतिसाद १

मी रत्नागिरी जिल्ह्यात सतार शिकवतो. शाळेतील नोकरी आणि खासगी वर्ग हे दोन्ही केले आहे, म्हणून लिहितो.

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उरलेल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर काही अंशी त्यात आहे. आकाशवाणीची ध्वनिचाचणी अवश्य द्या आणि रत्नागिरी केंद्रात चौकशी करून अर्जाची वेळ विचारून घ्या. ‘बी’ श्रेणीपासून सुरुवात होते, पुढे ‘बी हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’ अशा श्रेणी आहेत. प्रक्षेपणाच्या मानधनावर घर चालत नाही, हे खरे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संगीताच्या सहायक प्राध्यापकपदासाठी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या मार्गाबरोबर कलाकारांसाठी वेगळा मार्ग दिलेला आहे. पदवी असलेला, नामवंत गुरूंकडे शिकलेला, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी मिळवलेला आणि विषय सप्रयोग समजावून सांगू शकणारा कलाकार त्या मार्गाने पात्र ठरतो. तुमचे एम. ए. झालेलेच आहे, तेव्हा नेट द्याच. परंतु ‘ए’ श्रेणीकडे जाणारा रस्ता तुम्हाला वादनापासून दूर नेत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

दुसरे, केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २५ ते ४० या वयोगटासाठी असते. तिच्यात दोन वर्षे दरमहा १०,००० रुपये मिळतात, मात्र अभ्यासाचा नेमका विषय द्यावा लागतो. नाट्यपदांच्या साथीत व्हायोलिनचे स्थान किंवा आपल्याकडील भजनी चालींतील रागरूपे असा एखादा विषय तुम्ही घरी बसून, गावोगावच्या बुवांना भेटून करू शकाल. दहा हजारांत श्रीमंती येत नाही, पण नवख्यांचा एक वर्ग बंद करण्याची सवड तेवढ्यात मिळते.

शाळेबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. निवासी शाळेत संध्याकाळ तुमची राहत नाही, आणि मैफली तर संध्याकाळीच असतात. नियुक्तिपत्रात आठवड्याच्या तासिका किती, वसतिगृहाची देखरेख आहे की नाही आणि कार्यक्रमासाठी रजा मिळेल का, या तीन गोष्टी लेखी घेतल्याशिवाय होकार देऊ नका. तोंडी आश्वासन स्नेहसंमेलनाच्या महिन्यात कोणालाच आठवत नाही. आठवड्यातून तीन दिवस मानधनावर येण्याची तयारी तुम्ही दाखवलीत आणि त्यांनी ती मानली, तर मात्र ही जागा सोडू नये.

तबलजीचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. चांगला तबलजी मिळण्याची वाट पाहू नका; पखवाज वाजवणारा, हात तयार असलेला आणि तबला शिकत असलेला मुलगा शोधा. त्याला स्वतंत्र वादनाच्या तयारीसाठी लेहरा, म्हणजे तालाच्या एका आवर्तनाची पुन्हापुन्हा वाजवायची सुरावट, धरणारे कोणी हवे असते, आणि व्हायोलिनवर तुम्ही त्याला उत्तम लेहरा देऊ शकता. एक तास तुम्ही त्याला लेहरा द्यावा आणि एक तास त्याने तुम्हाला ठेका द्यावा, यात पैशांची देवघेवही होत नाही. माझ्याबरोबर आज कार्यक्रमांना वाजवणारा तबलजी असाच तयार झाला आहे. पहिले वर्षभर तो पखवाजाच्या जोराने तबला वाजवत असे, तेवढे सोसावे लागते.

प्रतिसाद २

आणखी एका मार्गाचा उल्लेख राहिला आहे, तो म्हणजे परदेशातील मराठी कुटुंबांतील मुलांना ऑनलाइन शिकवणे. फी बरी मिळते, परंतु दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. न्यूयॉर्ककडच्या मुलाला संध्याकाळी सात वाजता शिकवायचे असेल, तर आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात, म्हणजे तुमच्या रियाझाची वेळच त्यात जाते. इंग्लंडमधील विद्यार्थी घेतल्यास तास रात्री येतो आणि पहाट मोकळी राहते. माझा सल्ला तोच आहे. दुसरे असे की, बैठकीच्या ॲपमधील आवाज स्वच्छ करणारी सोय व्हायोलिनचा लांब स्वर गोंगाट समजून कापून टाकते, म्हणून झूममध्ये ‘ओरिजिनल साऊंड’ सुरू करून घ्यावे. आवाज पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणे शक्य होत नाही. तंबोरा विद्यार्थ्याने आपल्या बाजूला लावावा, तुम्ही वाजवून दाखवावे आणि मग त्याने वाजवावे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. शाळेला काल फोन करून विचारले. आठवड्याला २८ तासिका आहेत, संध्याकाळची प्रार्थना रोज माझ्याकडे राहील आणि कार्यक्रमासाठी रजेचा उल्लेख नियुक्तिपत्रात करता येणार नाही, असे सांगण्यात आले. तीन दिवसांच्या मानधनाचा पर्याय मी त्यांना लेखी कळवला आहे. तो मान्य न झाल्यास नकार देण्याचे ठरवले आहे. अधिछात्रवृत्तीसाठी भजनी चालींचा विषय मला अधिक जवळचा वाटतो, कारण आमच्या वाडीतले बुवा भजनातल्या गजराला जी चाल लावतात तिच्यात मला अनेकदा सारंग रागाची छाया ऐकू येते, आणि तसे का होते हे मला शोधायचे आहेच.

लेहऱ्याच्या बदल्यात ठेका ही कल्पना मला स्वतःहून सुचली नसती. कुडाळ, ओरोस किंवा सावंतवाडी परिसरात तबला शिकणारा आणि रविवारी सकाळी दोन तास देऊ शकणारा कोणी विद्यार्थी कोणाच्या माहितीत असल्यास कृपया याच धाग्यावर तसे लिहावे, मी व्यक्तिगत संदेशातून संपर्क करीन. मध्यलय तीनताल स्थिर येत असला तरी पुरे. विलंबिताचे आम्ही दोघे मिळून पाहू.