मदत हवी आहे: सेव्ह केलेली हॉटेलं एकाच नकाशावर कशी बघायची?

नमस्कार मंडळी, कुठं चांगलं खायला मिळतं असं कळलं की मॅपच्या ॲपमध्ये सेव्ह करून ठेवायची मला सवय आहे, आता 240 ठिकाणं झालीयत, दादरचं आस्वाद, ठाण्याची मामलेदार, कोल्हापूरची फडतरे मिसळ, पुण्यातली तर विचारूच नका. पण फोनवर नुसती लांबच लांब यादी दिसते, गावाप्रमाणे किंवा पदार्थाप्रमाणे गाळता येत नाही.

डेटा एक्सपोर्ट केला तर सीएसव्ही फाईल (साधा तक्ता) मिळाली, त्यात नाव, माझी टीप आणि लिंक, बस, अक्षांश-रेखांश नाहीतच. यूमॅप या स्वतःचा नकाशा बनवायच्या वेबसाइटला सीएसव्ही चालते पण त्यात हे दोन कॉलम लागतात आणि ऑर्गॅनिक मॅप्स या नकाशाच्या ॲपला केएमएल किंवा जीपीएक्स (नकाशावरच्या ठिकाणांच्या फाईलचे प्रकार) द्यावी लागते. दोन रात्री बसून एकेक लिंक उघडून आकडे कॉपी केले, 30 झाली आणि हात टेकले.

टीपा मात्र जायला नकोत, "बाबांना आवडेल, कट वेगळा मागायचा" असलं बरंच लिहून ठेवलंय आणि दिवाळीत आईबाबांना घेऊन कोल्हापूरला जायचंय.

लिंकवरून अक्षांश-रेखांश काढून देणारं एखादं फुकट टूल किंवा स्क्रिप्ट कोणी वापरलंय का? मला कोडिंग येत नाही, त्यामुळे जरा सविस्तर सांगा प्लीज.